नावे ठेवणाऱ्यांनो, आधी हिशेब दाखवा



महाराष्ट्रातला दुष्काळ १९६३ सालीच संपला. त्यासाठी पाऊस पडावा लागला नाही की धरणे भरावी लागली नाहीत. विधिमंडळाने एक कायदा केला आणि राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, हा शब्दच वगळून टाकला. कारण काय दिले? शेतीच्या परिस्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसली की लगेच मदत पोचते, सबब दुष्काळ पडायला आता वावच उरलेला नाही! दुष्काळाच्या जागी टंचाई बसवली आणि फाईल बंद झाली.

त्यानंतर नऊच वर्षांनी १९७२ साल आले. घरात साठी ओलांडलेले कुणी असेल तर विचारून पाहा. खडी फोडली, सुकडी खाल्ली, दावणीची जनावरे मातीमोलाने गेली. त्या वर्षाला सगळा महाराष्ट्र 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो. 'बहात्तरची टंचाई' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण कायद्याच्या पुस्तकात त्या वर्षीही दुष्काळ नव्हता.

काही शहाणी माणसे म्हणतील, शब्दांचा कीस कशाला काढता? शब्दांनी पोट भरत नाही. बरोबर आहे, शब्दांनी पोट भरत नाही. पण सरकारदरबारी शब्दाशिवाय पोटाला काही मिळतही नाही. दुष्काळ हा शब्द जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, कर्जाचे पुनर्गठन होते, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती येते, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, पोरांची परीक्षा फी माफ होते, टँकर सुरू होतो. शब्द जाहीर झाला नाही तर यातले काही नाही. ज्या शब्दाला पैसे लागतात तो शब्द सरकार कंजूष वाण्यासारखा तोलून मापून देते आणि ज्या शब्दाला पैसे लागत नाहीत तो पोत्याने वाटते. या दोन्ही जातींच्या शब्दांचा हिशेब आज मांडायचा आहे.

'सदृश'चा चमत्कार

२०१५-१६ साली मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याला रांगा लागल्या होत्या. सरकारी कागदात मात्र 'दुष्काळसदृश परिस्थिती' होती. सदृश म्हणजे सारखी दिसणारी. विहीर कोरडी पडली ती कोरडी पडल्यासारखी दिसत होती काय? सोसायटीचे व्याज व्याजसदृश असते काय? शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा मे २०१६ मध्ये सरकारने मान्य केले की 'दुष्काळसदृश' असे जिथे लिहिले आहे तिथे 'दुष्काळ' असे वाचावे. एका शुद्धिपत्रकाने २९ हजारांहून अधिक गावांत दुष्काळ पडला. तोही मे महिन्यात, खरीप जळून सहा-सात महिने लोटल्यावर!

त्यानंतर केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. मग कळ एक, कळ दोन, मध्यम, गंभीर अशी भाषा सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी १८० तालुके 'दुष्काळसदृश' ठरले आणि महिनाअखेरीला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. मधल्या २९ तालुक्यांवर ढग फुटला नव्हता, ते निकषाच्या चाळणीतून गळले. २०२३ साली ४० तालुक्यांना दुष्काळ मिळाला आणि मागाहून १०२१ महसूल मंडळांना 'दुष्काळसदृश' मिळाला. सवलतींची यादी दोघांनाही वाचून दाखवली. केंद्राकडे मदतीसाठी प्रस्ताव गेला तो ४० तालुक्यांचा. 'सदृश' या तीन अक्षरांची किंमत ही.

आणि २०२५ च्या सप्टेंबरात उलटे झाले. मराठवाड्यात नद्या शेतात शिरल्या, पऱ्हाटी उभी सडली, सोयाबीन पाण्याखाली गेले, काही ठिकाणी वावरातली मातीच वाहून गेली. लोक म्हणाले, ओला दुष्काळ जाहीर करा. उत्तर आले की नियमावलीत 'ओला दुष्काळ' असा शब्दच नाही. मदत देऊ, सवलती देऊ, शब्द देता येत नाही. पुढे ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, ते हक्काने नव्हे, मर्जीने. हक्काच्या नावाने द्यायचे म्हटले की पुढच्या वर्षीही द्यावे लागते. मर्जीचे तसे नाही.

रेषा कोणी ओढली?

दुष्काळ हा निदान आभाळातून येतो असे म्हणता येते. दारिद्र्य आभाळातून पडत नाही. म्हणून दारिद्र्याच्या शब्दांत जास्त कारागिरी करावी लागते.

या देशात दारिद्र्य पहिल्यांदा मोजले ते दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ च्या आकड्यांवरून त्यांनी दाखवले की हिंदुस्थानातल्या माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला २० रुपये आहे आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चसुद्धा प्रांतोप्रांती याहून जास्त आहे. म्हणजे गुन्हा न करणाऱ्याच्या वाट्याला गुन्हेगाराइतकेही येत नाही. दादाभाई एवढ्यावर थांबले नाहीत. पैसा जातो कुठे, हे त्यांनी विचारले आणि उत्तरही दिले, विलायतेला जातो. दारिद्र्य मोजायचे ते चोर शोधण्यासाठी, ही त्यांची रीत. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तोही याच रीतीने. कुणब्याची दैना सांगताना ती करणारे सारा आकारणारे, कचेरीतले आणि धर्माच्या नावाने लुटणारे कोण, हे त्यांनी नाव घेऊन सांगितले.

स्वातंत्र्यानंतर मोजणी पुन्हा सुरू झाली, पण चोर शोधायचे काम मागे पडले. १९६२ साली तज्ज्ञांच्या गटाने १९६०-६१ च्या भावांनी माणशी महिना २० रुपये हे किमान ठरवले. त्यात शिक्षण आणि औषधपाणी धरले नव्हते, ते सरकार पुरवील असे गृहीत धरले होते. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० कॅलरींचा हिशेब मांडला. १९७९ साली खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी ठरल्या. २००९ साली तेंडुलकर समितीचा अहवाल आला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये योजना आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की खेड्यात रोज २६ रुपये आणि शहरात ३२ रुपये खर्च करणारा माणूस गरीब धरता येणार नाही. देशभर हसे झाले. मग २०११-१२ साठी रेषा थोडी सरकवली, खेड्यात महिना ८१६ रुपये, म्हणजे रोजचे २७ रुपये २० पैसे.

ही रेषा मिळकतीवर नसते, खर्चावर असते. घरात आजारपण आले, सावकाराकडून ४० हजार काढले, दवाखान्यात घातले, तर त्या घराचा खर्च वाढला. खर्च वाढला म्हणजे घर रेषेच्या वर गेले! कर्ज काढून माणूस जगवला तर तुम्ही श्रीमंत, कर्ज मिळाले नाही म्हणून माणूस दगावला तर तुम्ही गरीब. तोंडाला फेस येईपर्यंत पळवलेल्या बैलाला धष्टपुष्ट म्हणावे तसला हा प्रकार आहे.

आता नवी मोजणी आली आहे, 'बहुआयामी दारिद्र्य'. तिच्यात १२ गोष्टी पाहतात. पोषण, शाळा, शौचालय, वीज, गॅस, घर, बँकेत खाते वगैरे. जानेवारी २०२४ मध्ये नीती आयोगाने सांगितले की नऊ वर्षांत २४ कोटी ८२ लाख लोक या दारिद्र्यातून बाहेर आले. शौचालय झाले, वीज आली, हे चांगलेच झाले, ते नाकारायचे कारण नाही. पण या १२ रकान्यांत उत्पन्न कुठे आहे? कर्ज कुठे आहे? बँकेत खाते आहे म्हणून एक गुण मिळाला. त्याच खात्याला थकबाकीपायी कुलूप लागले असेल तर तो गुण परत घेण्याची सोय नाही.

जागतिक बँकेने १९९० साली रोजचा एक डॉलर ही रेषा आणली आणि जून २०२५ मध्ये ती तीन डॉलरवर नेली. हा बाजारातला डॉलर नव्हे, खरेदीशक्तीच्या हिशेबातला. २०२१ च्या भावांनी तो साठ-पासष्ट रुपयांच्या घरात जातो. या रेषेखाली भारतात २०२२-२३ साली ५.३ टक्केच लोक उरले असे बँक सांगते. याला नाव 'अति दारिद्र्य'. १ नोव्हेंबर २०२५ रोजी केरळ सरकारने आपले राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यांनी घरोघर जाऊन ६४ हजारांवर कुटुंबे नावानिशी शोधली, प्रत्येकाची वेगळी योजना केली. हे काम आपल्याकडच्या कागदी मोजणीपेक्षा शंभर पटीने बरे. तरी तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी विचारले की राज्यात अंत्योदयाची कार्डे काही लाखांत आहेत, ती माणसे मग कोण? उद्या हाच शब्द महाराष्ट्रातही येईल. 'अति' संपले असे एकदा जाहीर झाले की नुसत्या दारिद्र्याकडे बघायला कुणाला वेळ राहणार नाही.

घेताना एक माप, देताना दुसरे

आता कोरडवाहूवाल्यांनी कान देऊन ऐकावे. 'अल्पभूधारक' हा शब्द एकरावर मोजतात, पाण्यावर नाही. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टर म्हणजे पाच एकरांपर्यंतच्याला पूर्ण माफी मिळाली. पाच एकरांच्या वरच्याला सांगितले की तुझी थकबाकी भर, मग २५ टक्के सूट देतो, दुष्काळप्रवण जिल्ह्यांच्या यादीत असलास तर २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त असेल ते. चार एकर ऊसवाला अल्पभूधारक ठरला, आणि नऊ एकर मुरमाड रानात कापूस-ज्वारी लावून आभाळाकडे बघत बसणारा यवतमाळ-वाशीमचा शेतकरी बडा शेतकरी ठरला!

२०१९ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना दहा टक्के आरक्षण आले. त्यात 'दुर्बल' कोण? ज्याच्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे तो. पण घरात पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही असो, तो दुर्बल नाही. महिना साठ हजार पगाराचे घर दुर्बल, आणि सहा एकर कोरडवाहूचे कर्जात बुडालेले घर सबळ. खेड्यातली २०११-१२ ची रेषा पाच माणसांच्या घरासाठी वर्षाला ४८,९६० रुपये होते. महागाईपोटी ती दुप्पट धरा, लाखभर झाली. एकाच सरकारच्या एका फाईलमध्ये एक लाख मिळवणारा गरीब नाही आणि दुसऱ्या फाईलमध्ये पावणेआठ लाख मिळवणारा दुर्बल आहे.

कुणी म्हणेल, कोरडवाहू एकर आणि ओलिताचा एकर यांतला फरक सरकारला कळत नसेल. चांगला कळतो. कमाल जमीनधारणा कायदा उघडून पाहा. बारमाही ओलिताला १८ एकरांची मर्यादा आहे, कोरडवाहूला ५४ एकरांची. म्हणजे आमची जमीन काढून घ्यायची वेळ आली तेव्हा सरकारला ठाऊक होते की ओलिताचा एक एकर बरोबर कोरडवाहूचे तीन एकर. द्यायची वेळ आली की सगळे एकर सारखे. घेताना एक माप आणि देताना दुसरे माप ठेवणाऱ्या वाण्याला बाजारात काय म्हणतात ते सांगायला नको.

एकाच कागदावर

२०२३ सालापासून मराठवाड्याचे सर्व जिल्हे, अमरावती विभागाचे सर्व जिल्हे आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत काही शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यात देण्याचे ठरले. पुढे त्याचे १७० झाले. या शेतकऱ्यांचे सरकारी नाव काय? 'शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील दारिद्र्यरेषेवरील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी'. वाक्य पुन्हा वाचा. आत्महत्याग्रस्तही आणि दारिद्र्यरेषेच्या वरचाही! ज्या बाबूने हे नाव लिहिले त्याला त्यातली विसंगती दिसली नसेल असे नाही. पण दोन्ही शब्दांना त्याच्या फाईलमध्ये वेगवेगळे खण आहेत.

मेल्यावरही नाव पाठ सोडत नाही. २००५ पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत आहे. त्यासाठी समिती बसते आणि नापिकी, अधिकृत संस्थेचे कर्ज, वसुलीचा तगादा हे तपासून ठरवते की मृत्यू 'पात्र' की 'अपात्र'. ठोक्याने शेती करणारा, घरात सातबारा नसलेला, कृषी केंद्राच्या उधारीत आणि नातेवाइकांच्या हातउसन्यात बुडालेला माणूस मेला तर तो अपात्र. जगायला अपात्र ठरला म्हणून मेला आणि मरायलाही अपात्र ठरला. मेळघाटात १९९३ साली पोरे दगावली ती बातमी सगळ्या देशाने वाचली. तिथेही तेच. मृत्यूच्या कारणात न्यूमोनिया लिहितात, हगवण लिहितात, कमी वजन लिहितात. भूक हा रकानाच नाही, म्हणून भूकबळीही नाही.

आणि मग ते गोड शब्द, जे पोत्याने वाटतात. बळीराजा, अन्नदाता, जगाचा पोशिंदा. कर्ज फेडता आले नाही ते भाव पाडले म्हणून, तरी नाव 'माफी', जणू गुन्हा आमचाच. वर्षाला केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार, त्याला नाव 'सन्मान', आणि घेणाऱ्याला नाव 'लाभार्थी'. ऑगस्ट २०२५ मध्ये, कापूस बोंडात असतानाच, बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ते डिसेंबरअखेरपर्यंत उठवलेलेच ठेवले. आमची वेचणी सुरू होऊन गाड्या बाजारात येण्याचा नेमका तो काळ. त्याचा लाभ गिरण्यांना झाला. त्यांना कुणी लाभार्थी म्हटल्याचे ऐकले आहे काय?

हरवलेला शब्द

आपल्या बोलीत दारिद्र्याला शब्दांची वाण नाही. अठराविश्वे दारिद्र्य म्हणतात, अठरा विसे म्हणजे वर्षाचे ३६० दिवस. हातावर पोट म्हणतात, लंकेची पार्वती म्हणतात. यांत सरकारी शब्दांसारखी लबाडी नाही. पण आणखी एक शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होता, तो कुठल्याच अहवालात सापडत नाही. तो शब्द 'नागवणे'. गरीब हा माणूस असतो. नागवलेला म्हटले की दुसरा माणूस शोधावा लागतो, ज्याने नागवले तो.

तो शोधायला फार लांब जायला नको. २०१८ साली श्रीमंत राष्ट्रांची संघटना ओईसीडी आणि दिल्लीची इक्रिअर संस्था यांनी मिळून हिशेब मांडला. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, बाजारावरची बंधने यांमुळे शेतकऱ्याचे जे गेले आणि खत, वीज, पाणी यांच्या अनुदानातून जे आले, त्यांची वजाबाकी केली. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नातून दर वर्षी सरासरी १४ टक्के काढून घेतले गेले, असे उत्तर आले. अनुदाने जमेला धरूनही! शंभराला चौदा, सतरा वर्षे. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाला पिकातून महिना ३,७९८ रुपये मिळाले आणि मजुरीतून ४,०६३. डोक्यावर सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये. शेतमालक म्हणवणारा शेतीपेक्षा मजुरीवर जास्त जगतो. याला 'दारिद्र्यरेषेवरील' म्हणायचे की नागवलेला म्हणायचे, ते बैठकीने ठरवावे.

एक गोष्ट मात्र आपल्या घरातलीही आहे. गावात मजुरीचा दर वाढवून मागितला की पारावर कुणीतरी म्हणतोच, 'फुकटच्या धान्याने माजलेत.' वेचणीला सकाळपासून कमरेत वाकलेली बाई किलोमागे चार पैसे जास्त मागते तेव्हा ती माजलेली, आणि आपण भाव मागतो तेव्हा दिल्लीतले बाबू आपल्याला काय म्हणतात? हाच शब्द म्हणतात. भाव पाडून आम्हाला नागवले, आणि आमच्याकडून मजुराला नागवून घेतले, असा हा उतरता जिना आहे. आणि जी बाई वावरात आयुष्य काढते तिचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून कुठल्याच योजनेत ती शेतकरी नाही. दुसऱ्याने ठेवलेली नावे खोडायची तर आपण ठेवलेली नावेही त्याच दिवशी खोडावी लागतील.

बैठकीपुढचे काम

पहिले, पंचनाम्यावर कोरी सही कुणी करू नये. नुकसानीचे वर्णन आपल्या शब्दांत, एकराच्या आकड्यासह लिहून घ्यावे आणि नक्कल मागावी. दुसरे, प्रत्येक गावाने आपली पैसेवारी आणि पीककापणी प्रयोगाचे आकडे ग्रामसभेत जाहीर वाचून घ्यावेत. दुष्काळ की सदृश, हे तिथेच कळते. तिसरे, ठराव करावा की जिथे जिथे एकरावर मोजमाप आहे तिथे कमाल जमीनधारणा कायद्याचेच प्रमाण लावा, तीन कोरडवाहूला एक ओलीत. नवे काही मागत नाही, तुमचेच माप मागतो. चौथे, 'पात्र-अपात्र'च्या समितीने आपला निर्णय कारणांसह कुटुंबाला लेखी द्यावा. पाचवे, आपल्या अर्जांत आणि भाषणांत 'गरीब शेतकरी' हे शब्द आजपासून बंद. पिवळ्या कार्डासाठी रांगेत उभे राहण्यात लाज नाही, पोटासाठी ते घ्यावेच. पण मागणीच्या कागदावर दया मागणारा शब्द नको. तिथे खर्च लिहा, मिळालेला भाव लिहा, दोन्हींतली वजाबाकी लिहा आणि खाली विचारा, हे पैसे कुणाकडे गेले?

दादाभाईंनी दीडशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न हाच होता. तेव्हा उत्तर विलायत होते. आजचे उत्तर ज्यांना द्यायचे आहे त्यांनी आम्हाला अल्प, अत्यल्प, दुर्बल, लाभार्थी, आत्महत्याग्रस्त अशी पाहिजे तेवढी नावे ठेवून झाली. आता नावे पुरे झाली. हिशेबाची वही पुढे करा.